नाव क्वेकरांचं, डाव दुसऱ्यांचा



'क्वेकर' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतो तो ओट्सच्या डब्यामुळे. डब्यावर रुंद काठाची टोपी घातलेला, पांढऱ्या केसांचा, प्रसन्न चेहऱ्याचा एक गृहस्थ असतो. गंमत अशी, की त्या ओट्सच्या धंद्याचा क्वेकर पंथाशी काहीच संबंध नव्हता. १८७७ साली ओहायो राज्यातल्या एका गिरणीने क्वेकर वेशातल्या माणसाचं चित्र आपल्या मालाची खूण म्हणून नोंदवलं. क्वेकर म्हणजे सचोटीचा, मापात पाप न करणारा माणूस अशी लोकांची समजूत होती, तिचा फायदा मालाला मिळाला. नाव एकाचं, माल दुसऱ्याचा!

आज मी बोलणार आहे ते याच नावाच्या आणखी एका प्रवासाबद्दल. अमेरिकेत पैसे देऊन-घेऊन खेळायचे खेळ बाळसं धरत होते, त्या काळात फिलाडेल्फिया शहरातल्या चार व्यावसायिक संघांना 'क्वेकर्स' हे नाव मिळालं. दोन बेसबॉलचे, एक अमेरिकन फुटबॉलचा आणि एक आइस हॉकीचा. मला सामन्यांच्या निकालांपेक्षा संघांच्या नावांचं कुतूहल नेहमीच जास्त वाटत आलं आहे. निकाल त्या दिवसापुरता असतो. नावामागे मात्र माणसांचा इतिहास असतो. या नावामागे तर फारच मोठा आहे.

क्वेकर कोण, हे आधी पाहू. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाच्या, विणकराच्या पोटी जन्मलेल्या तरुणाने सांगायला सुरुवात केली, की देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहिताची गरज नाही. प्रत्येकाच्या अंतरात उजेड आहे, शांत बसा म्हणजे तो दिसेल. या लोकांनी स्वतःला 'मित्र' म्हणवून घेतलं, आणि त्यांच्या समाजाचं नाव आजही 'सोसायटी ऑफ फ्रेंड्स' असंच आहे. १६५० साली डर्बी गावच्या न्यायाधीशापुढे फॉक्सला उभं केलं, तेव्हा 'देवाच्या शब्दापुढे थरथर कापा' असं त्याने न्यायाधीशालाच सुनावलं. त्यावर न्यायाधीशाने या मंडळींना 'थरथरणारे', म्हणजे 'क्वेकर', अशी टवाळीची पदवी देऊन टाकली. ही हकीकत फॉक्सच्याच आत्मवृत्तात आहे. कुचेष्टेने ठेवलेलं नाव या लोकांनी पुढे निमूटपणे, आणि मग अभिमानाने, मिरवलं.

क्वेकर राजापुढेही टोपी काढत नसत. लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणत. न्यायालयात शपथ घेत नसत, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायला मुभा असा अर्थ होतो. आणि मुख्य म्हणजे ते शस्त्र उचलत नसत. यापायी हजारोंनी तुरुंगवास सोसला. अमेरिकेत बोस्टनच्या कर्मठ राज्यकर्त्यांनी तर १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फासावर चढवलं. त्यांत मेरी डायर ही स्त्री होती. बोस्टनचं नाव लक्षात ठेवा, आपल्याला पुढे तिथे जायचं आहे.

या पंथातला विल्यम पेन हा आरमारातल्या एका बड्या अधिकाऱ्याचा मुलगा. इंग्लंडचा राजा पेनच्या वडिलांचं सोळा हजार पौंडांचं देणं लागत होता. ते फेडण्यासाठी १६८१ साली राजाने अमेरिकेतला मोठा मुलूख पेनला तोडून दिला. तोच आजचा पेनसिल्व्हेनिया. पुढच्याच वर्षी पेनने शहर आखलं आणि त्याला ग्रीक नाव दिलं फिलाडेल्फिया, म्हणजे बंधुप्रेमाचं गाव. फिलाडेल्फियाला पुढे 'क्वेकर सिटी' म्हणू लागले ते त्यामुळे.

या नव्या वसाहतीने १६८२ मध्ये केलेल्या पहिल्या कायद्यातच करमणुकीचा एक भला मोठा गट बंद करून टाकला. पत्ते, फासे, नाटकं, सोंगं, कोंबड्यांच्या झुंजी, बैलांवर नि अस्वलांवर कुत्री सोडण्याचे प्रकार, सगळ्यांना शिक्षा ठरली. जुगार, क्रौर्य आणि वेळेचा अपव्यय या तिन्हींची क्वेकरांना चीड होती. काळ बदलला तसा क्वेकरांचा खेळाकडे पाहण्याचा दृष्टिकोनही सैलावला. फिलाडेल्फियाजवळचं हॅवरफर्ड कॉलेज हे १८३३ साली क्वेकरांनीच काढलेलं, आणि तिथली मुलं एकोणिसाव्या शतकात क्रिकेट खेळत होती. पण ते झालं हौशी खेळणं. तिकीट लावून, पगारी खेळाडू ठेवून खेळाचा धंदा करायचा, आणि वर त्याला नाव क्वेकरांचं द्यायचं, हे पेनच्या स्वप्नातही आलं नसेल.

ते घडलं १८८३ साली. बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये वूस्टर या गावाची जागा रिकामी झाली आणि ती फिलाडेल्फियाला मिळाली. क्लबच्या मालकांपैकी अल्फ्रेड रीच हा एकेकाळचा खेळाडू आणि आता खेळाच्या सामानाचा कारखानदार. त्या काळी संघाची नावं कुणी समारंभाने ठेवत नसे. संघ गावाच्या नावाने ओळखला जाई, आणि टोपणनाव देत वर्तमानपत्रवाले. मथळ्यात बसेल असा सुटसुटीत, वाचकाला चटकन कळेल असा शब्द त्यांना हवा असे. बोस्टनचा संघ 'बीनईटर्स', म्हणजे घेवडा खाणारे, तसा फिलाडेल्फियाचा 'क्वेकर्स'. त्याच्या जोडीला 'फिलीज' हेही नाव छापलं जात होतं.

पहिल्या हंगामात या क्वेकर्सनी १७ सामने जिंकले आणि ८१ हरले. एका सामन्यात तर ते २८ विरुद्ध शून्य असे चिरडले गेले. चेंडू टाकणारा त्यांचा प्रमुख खेळाडू जॉन कोलमन. त्या एका हंगामात त्याच्या खात्यावर ४८ पराभव लागले, आणि हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तसंच! पुढच्या वर्षी हॅरी राइट हा व्यवस्थापक म्हणून आला. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, बाप व्यावसायिक क्रिकेटपटू, स्वतःही क्रिकेट खेळलेला. त्याने घडी बसवली, आणि १८८७ मध्ये हाच संघ दुसऱ्या क्रमांकावर आला. हळूहळू 'फिलीज' हेच नाव रुळलं. आजचा फिलाडेल्फिया फिलीज हा संघ म्हणजे तेच जुने क्वेकर्स.

मोठ्या संघाच्या अंगावरून उतरलेलं हे नाव १८९० साली दुसऱ्यांनी उचललं, आणि ती गोष्ट मला फार आवडते. तेव्हा खेळाडूच्या करारात एक जाचक कलम असे. करार संपला तरी खेळाडूवरचा क्लबचा हक्क संपत नसे. मालक सोडत नाही तोवर दुसरीकडे जाता येत नसे, म्हणजे जवळजवळ वेठबिगारीच. जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा नामांकित खेळाडू कायदा शिकलेला होता. त्याच्या पुढाकाराने खेळाडूंनी १८८५ मध्ये संघटना उभारली आणि १८९० मध्ये मालकांना सोडून स्वतःची 'प्लेयर्स लीग' काढली. त्या संघटनेचं नाव होतं 'ब्रदरहूड', बंधुसंघ. या बंडखोर लीगमधल्या फिलाडेल्फियाच्या संघाचं नाव क्वेकर्स. सगळे समान, कुणी कुणाचा धनी नाही, हे म्हणणाऱ्या लोकांना हे नाव निदान शोभून तरी दिसलं. संघ आठांत पाचवा आला. पण भांडवल पुरवणारे लोक लवकरच कचरले, त्यांनी जुन्या मालकांशी परस्पर तडजोड केली, आणि एका हंगामातच लीग मोडली. खेळाडू पुन्हा त्याच कलमाखाली गेले.

यानंतर आपण थेट १९२६ मध्ये येतो. रेड ग्रेंज हा विद्यापीठातून आलेला फुटबॉलपटू तेव्हा अमेरिकेचा लाडका होता. त्याच्या संघाला न्यूयॉर्कमध्ये जागा द्यायला जुन्या नॅशनल फुटबॉल लीगने नकार दिला, तेव्हा त्याने आणि त्याचा व्यवहार पाहणाऱ्या पाइल याने नवी अमेरिकन फुटबॉल लीगच उभी केली. तिच्यात फिलाडेल्फियाचा संघ होता क्वेकर्स, आणि गंमत म्हणजे याच संघाने अजिंक्यपद पटकावलं, आठ विजय आणि दोन पराभव. खुद्द ग्रेंजच्या संघालाही त्यांनी हरवलं. मग त्यांनी जुन्या लीगमधल्या संघांना आव्हान दिलं. ते न्यूयॉर्क जायंट्सने स्वीकारलं. जायंट्स आपल्या लीगमध्ये सातव्या क्रमांकावर होते. १२ डिसेंबर १९२६ रोजी बर्फात झालेल्या त्या सामन्यात सातव्या क्रमांकाच्या जायंट्सनी अजिंक्यवीर क्वेकर्सना ३१ विरुद्ध शून्य असं लोळवलं. नवी लीगही त्याच हंगामाबरोबर बंद पडली.

या शहरात खेळाचा धंदा करणं तसंही सोपं नव्हतं, कारण रविवारी तिकीट लावून खेळायला मनाई होती. १७९४ सालचा कायदा होता तो. कामगाराला सुट्टी मिळे रविवारी, आणि नेमका तोच दिवस बंद. १९२६ च्या ऑगस्टमध्ये बेसबॉलच्या एका क्लबने कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवून एक रविवारचा सामना खेळवला, पण पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. ही बंदी उठली १९३३ मध्ये. शहराच्या क्वेकर वळणाला लोक या कायद्याचा दोष देत, पण क्वेकरांची मूळ शिकवण सगळे दिवस देवाला सारखेच अशी होती, हे पुष्कळांना ठाऊक नव्हतं.

आता शेवटचा संघ, आणि सगळ्यांत अफलातून. पिट्सबर्ग शहरातला आइस हॉकीचा संघ डबघाईला आला होता; १९३० मध्ये तो फिलाडेल्फियाला हलवला आणि नाव ठेवलं क्वेकर्स. त्याचा मालक बेनी लेनर्ड. हा न्यूयॉर्कचा ज्यू मुष्टियोद्धा १९१७ ते १९२५ हलक्या वजनगटाचा जगज्जेता होता आणि किताब हातात असतानाच निवृत्त झाला होता. त्याच्यामागे खरा पैसा होता बिल ड्वायर नावाच्या दारूच्या चोरट्या व्यापाऱ्याचा. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. म्हणजे पाहा, शस्त्र न उचलणाऱ्या, जुगार-मद्यापासून दूर राहू पाहणाऱ्या पंथाचं नाव, मालक ठोशांवर मोठा झालेला, पैसा दारूचा, आणि खेळ असा, की ज्यात हाणामारी रोजचीच!

या क्वेकर्सनी ४४ सामन्यांत फक्त ४ जिंकले, ३६ हरले आणि ४ बरोबरीत सोडवले. इतकी वाईट टक्केवारी त्या लीगमध्ये पुढे १९७४-७५ सालापर्यंत कुणाच्या वाट्याला आली नाही. आणि १९३० च्या नाताळच्या दिवशी ते खेळायला गेले बोस्टनला. ८-० असे हरले, आणि सामन्यात अशी घमासान मारामारी झाली की पोलिसांना बर्फावर उतरावं लागलं. ज्या बोस्टनमध्ये मेरी डायर शांतपणे फासावर गेली, त्याच शहरात 'क्वेकर' हा शब्द छातीवर लावलेले खेळाडू सुमारे पावणेतीनशे वर्षांनी ठोसे मारत होते. त्यांना त्या शब्दाचा इतिहास माहीत असण्याचं कारणही नव्हतं. मंदीचे दिवस, तिकिटं खपेनात, हंगाम संपला तसा संघही संपला. बेनी लेनर्डची १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात आधीच मोठी कमाई बुडाली होती. १९३१ मध्ये पस्तिशीत तो पैशासाठी पुन्हा रिंगणात उतरला, पुढच्या वर्षी हरला आणि पंच झाला. १९४७ च्या एप्रिलमध्ये एका लढतीत पंचाचं काम करता करता रिंगणातच त्याला मृत्यूने गाठलं.

आता इथपर्यंत ऐकून वाटेल, की ही नावाची नुसती गंमत आहे. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण याच शहरातल्या आणखी एका संघाची माहिती वाचली, आणि हा विषय माझ्या दृष्टीने बदलला. त्या संघाच्या नावात क्वेकर हा शब्द नव्हता.

रिचर्ड हम्फ्रीज या क्वेकर गृहस्थाने मृत्युपत्रात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी रक्कम ठेवली होती. तिच्यातून १८३७ मध्ये एक शिक्षणसंस्था निघाली, आणि ती पुढे 'इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ' या नावाने फिलाडेल्फियात नावारूपाला आली. तिथे शिकून तिथेच शिक्षक झालेला ऑक्टेव्हियस कॅटो हा तरुण विद्वान होता, फर्डा वक्ता होता, आणि उत्तम बेसबॉल खेळत असे. त्याने कृष्णवर्णीयांचा 'पिथियन' क्लब नावारूपाला आणला. १८६७ मध्ये या क्लबने राज्याच्या बेसबॉल संघटनेकडे सदस्यत्व मागितलं. दार उघडणार नाही हे दिसताच अर्ज मागे घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय संघटनेने, एकही कृष्णवर्णीय खेळाडू असलेला क्लब घ्यायचा नाही, असा ठरावच केला. तरी १८६९ मध्ये पिथियन संघ शहरातल्या गोऱ्यांच्या एका जुन्या क्लबशी सामना खेळला. कॅटो केवळ खेळापुरता लढत नव्हता. ट्रामगाडीत बसण्याचा हक्क, मतदानाचा हक्क, यांसाठी तो झटला. १० ऑक्टोबर १८७१ रोजी, निवडणुकीच्या दिवशी, त्याला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. तेव्हा तो केवळ ३२ वर्षांचा होता.

कॅटोच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी क्वेकर्स नावाचा संघ मैदानात उतरला. त्यात कॅटोसारख्यांना जागा नव्हती. पुढे फिलीज झालेल्या याच संघाच्या व्यवस्थापकाने एप्रिल १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला सामना चालू असताना अशा शिव्या दिल्या, की देशभर त्याची चर्चा झाली. फिलीजमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळला तो १९५७ साली. नॅशनल लीगमधल्या सगळ्या संघांत सर्वांत शेवटी. २०१६ मध्ये शहराच्या नगरपरिषदेने रॉबिन्सनची जाहीर माफी मागितली.

आणि योगायोग असा, की त्याच १९४७ साली शांततेचं नोबेल पारितोषिक क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळालं. एक लंडनची, दुसरी फिलाडेल्फियाची. युद्धात होरपळलेल्या माणसांना, ती कोणत्या बाजूची हे न विचारता, अन्नवस्त्र पोहोचवल्याबद्दल. आपल्याकडेही या समाजाची माणसं येऊन गेली. वर्ध्याजवळ सेवाग्रामला नयी तालीमच्या कामात वाहून घेतलेल्या मार्जोरी साइक्स याच समाजाच्या. त्यांनी तिथे काही जाहिरातबाजी केली नाही. मुलांना शिकवलं, शिक्षक घडवले.

म्हणून मला असं वाटतं, की नाव आणि वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी क्वेकर हे नाव लावलं त्यांच्याकडे वारसा नव्हता, आणि ज्यांच्याकडे वारसा गेला त्यांनी नाव लावलं नव्हतं. कुणाचंही नाव घेऊन मिरवायला काही लागत नाही, शिवून आणलं की झालं. वारसा मात्र शाळेत, तुरुंगात, दुष्काळात आणि युद्धात वागण्यातून मिळतो.

अलीकडे अमेरिकेत संघांच्या नावांवर बराच वाद झाला. मूळ रहिवाशांवरून घेतलेलं नाव वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने २०२० मध्ये टाकलं, क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाने २०२१ च्या हंगामानंतर. मग क्वेकर्स या नावाने कुणाचं काय बिघडलं, असं कुणी विचारेल. फरक आहे तो इथे. क्वेकर हे ते शहर वसवणारे होते, त्यांच्या हातात सत्ता होती, आणि टवाळीचं नाव त्यांनी स्वतःहून आपलं म्हटलं होतं. ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांना कुणी विचारलंच नाही, त्यांचं नाव लावणं वेगळं. नाव तेच असो वा दुसरं, ते कुणी ठेवलं आणि ज्याचं आहे त्याला विचारलं का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आज व्यावसायिक खेळांत क्वेकर्स हे नाव उरलेलं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे विद्यार्थी ते लावतात, आणि तीही संस्था क्वेकरांनी काढलेली नव्हे. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलच्या शिखरावर विल्यम पेनचा उंच पुतळा आहे. त्याच्या टोपीपेक्षा उंच इमारत शहरात बांधायची नाही, असा कित्येक वर्षं अलिखित दंडक होता. १९८७ मध्ये तो मोडला, आणि नंतर शहराचा कोणताच मोठा संघ अजिंक्यपद मिळवेना, तेव्हा लोक म्हणू लागले, पेनचा शाप लागला! २००७ मध्ये सर्वांत उंच ठरलेल्या नव्या इमारतीच्या शेवटच्या तुळईवर कामगारांनी पेनची छोटीशी मूर्ती बसवली, आणि २००८ मध्ये फिलीज, म्हणजे ते मूळचे क्वेकर्स, जगज्जेते झाले. खऱ्या क्वेकराला या शापाचं हसूच आलं असतं. जुने क्वेकर तर थडग्यावर नावाचा दगडसुद्धा लावत नसत.

पण कधी तुम्ही त्या शहरात गेलात, तर सिटी हॉलपुढे मान वर करून पेनची टोपी पाहून झाली, की नजर जरा खालीही आणा. इमारतीच्या दक्षिणेला, जमिनीच्या पातळीवर, २०१७ साली उभारलेला ऑक्टेव्हियस कॅटोचा पुतळा आहे. शहराच्या मालकीच्या जागेवरचा एखाद्या कृष्णवर्णीय व्यक्तीचा तो पहिला पुतळा. त्याच्या समोर दोन मिनिटं शांत उभे राहा. क्वेकरांच्या प्रार्थनेची रीतही तीच आहे, न बोलता थांबण्याची.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)